स्वयंपाकघर, परडे आणि ३२,००० रुपये

(द्वितीय वर्ष कला)

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी या दोन्ही गोष्टी एकाच पैशावर येऊन अडल्या होत्या. दोन शेळ्या विकून आलेले १२,०००, आईच्या बचतगटाचे कर्ज १५,००० आणि दिवाळीच्या सुट्टीत मी कापडाच्या दुकानात काम करून साठवलेले ५,००० असे एकूण ३२,००० रुपये घरात होते. अण्णांचे म्हणणे असे, की सोप्याला फरशी बसवावी आणि भिंतींना रंग द्यावा. “पोरीला बघायला पावणं याचं दिस आलं. चुलीपशी कोन बघायला येतंय?” असे ते म्हणाले. त्यांचे बोलणे व्यवहाराला धरून होते. पण चुलीपाशी काय चालले आहे हे मी गेले वर्षभर रोज पाहत होते, आणि त्यापायी माझे कॉलेज जवळजवळ सुटले होते. ते कसे, आणि तेवढ्या पैशांत आम्ही काय काय केले, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. आपल्या कॉलेजात खेड्यातून येणारे पुष्कळजण आहेत. त्यांतल्या कुणाला यातले काही उपयोगी पडले तर लिहिल्याचे सार्थक होईल.

आमचे गाव माण तालुक्यात, म्हणजे साताऱ्याच्या दुष्काळी भागात आहे. घर दगडमातीचे, वर पत्रा. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे दहा फूट बाय आठ फुटांचे स्वयंपाकघर आणि त्यामागे परडे. पाण्याचा नळ पुढच्या अंगणात, आणि तोही एक दिवसाआड येणारा. स्वयंपाकघराला खिडकी नव्हती, मोरीचे पाणी बाहेर जायला वाट नव्हती. भांडी परड्यातल्या दगडावर घासायची आणि पाणी तिथेच सोडायचे, त्यामुळे दगडाभोवती बारा महिने डबके आणि शेवाळ. मी प्रथम वर्षाला असताना श्रावणात त्याच शेवाळावरून आईचा पाय घसरला आणि उजव्या हाताचे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता.

त्या सहा आठवड्यांत सकाळची सात वाजताची एस. टी. मला क्वचितच मिळाली. पाणी, झाडलोट, भाकरी, भांडी हे उरकेपर्यंत नऊ वाजत. हजेरीच्या यादीत माझे नाव खाली खाली जाऊ लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे हजेरी कमी पडली तर काय होते हे घरी कुणाला माहीत नव्हते. “एवढी वढाताण कशाला करतीस? ऱ्हाऊ दे की कालेज,” असे अण्णा एकदा सहज म्हणाले. रागाने म्हणाले नाहीत, मायेने म्हणाले. म्हणून तर मी अधिक घाबरले.

आधी मोजणी, मग खर्च

त्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला मी गेले होते. ही योजना १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली हे आपण सर्वजण शिबिराच्या पहिल्या दिवशी ऐकतोच. आम्ही दुसऱ्यांच्या गावात शोषखड्डे खणले, संत गाडगेबाबांच्या नावाने घोषणा दिल्या आणि गटारांवर भाषणे ऐकली. शेवटच्या रात्री मला आमच्या परड्यातले डबके आठवले आणि स्वतःची लाज वाटली. दुसऱ्याच्या दारात खड्डा खणणाऱ्या मुलीची आई स्वतःच्या दारात घसरून पडते, याला काय म्हणावे?

घरी आल्यावर मी एक वही केली आणि सात दिवस आईचे काम मोजले. अंगणातल्या पिंपापासून चुलीपर्यंत चौतीस पावले होती. पाण्याच्या रोज सरासरी चोवीस खेपा होत. जाऊन येऊन सोळाशेच्या वर पावले, आणि त्यातली निम्मी भरलेली घागर कमरेवर घेऊन. मोरीतले पाणी बादलीत धरून परड्यात टाकण्याच्या अकरा खेपा वेगळ्या. चुलीसमोर सकाळ-संध्याकाळ मिळून साडेतीन तास.

पुढे ग्रंथालयात वाचताना कळले, की ही मोजणी काही माझी नवी कल्पना नव्हे. जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुशिल्पी स्त्रीने कामगारांच्या घरांसाठी जे छोटे स्वयंपाकघर आखले, ते बाईची पावले आणि हालचाली मोजूनच. आगगाडीच्या डब्यातले चिमुकले स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांपुढे होते. जागा लहान असली तरी चालते. काम कुठून कुठे जाते याचा विचार झालेला असावा लागतो.

एका रात्री जेवणानंतर मी वही अण्णांना वाचून दाखवली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र शेजारच्या गवंड्याकडून मोजपट्टी मागून घेऊन आले. सोप्याची फरशी पुढच्या वर्षावर गेली.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण शिकतो, की साधने मर्यादित आणि गरजा अमर्याद असल्याने गरजांचा क्रम लावावा लागतो. आम्ही तो असा लावला: पहिले पाणी, दुसरे सांडपाणी, तिसरा धूर आणि उजेड, चौथा ओटा, पाचवी जमीन आणि भिंती, आणि सर्वांत शेवटी परसबाग. जे दिसायला चांगले ते शेवटी आणि ज्याने श्रम वाचतात ते आधी, एवढाच नियम ठेवला.

पाणी

अंगणातल्या नळापासून घराच्या कडेने पंचेचाळीस फूट नळी टाकून पाणी परड्यात नेले. तिथे स्वयंपाकघराच्या भिंतीलगत चार फूट उंच चौथरा बांधून त्यावर ५०० लिटरची टाकी ठेवली. टाकी घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. नळ आलेल्या वेळी नळी हातात उभी धरून पाणी किती उंच चढते ते पाहावे. आमच्याकडे ते आठ फुटांपर्यंत चढत होते, म्हणून मोटरीचा खर्च वाचला. टाकीचा तळ ओट्यावरच्या तोटीपेक्षा उंच असला, की पाणी आपोआप उतरते.

पाचशे लिटर पाण्याचे वजन पाचशे किलो होते, हे चौथरा बांधताना विसरू नये. पडक्या गोठ्याचे दगड आमच्याकडे होते. ते अण्णांनी स्वतः सिमेंटमध्ये रचले. टाकीचे झाकण घट्ट बसायला हवे, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गटाराकडे बोट दाखवून आपण त्याला विसरतो.

सांडपाणी

शोषखड्ड्यासाठी मी उत्साहाने भिंतीपासून तीन फुटांवर खणायला सुरुवात केली होती. गवंडीकाकांनी पाहिले आणि म्हणाले, “पोरी, भिंतीच्या बुडाला पानी पाजतीस व्हय?” दगडमातीच्या भिंतीचा पाया ओला झाला तर भिंत बसते. मग बारा फुटांवर नवा खड्डा घेतला. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा कूपनलिका जवळ असेल तर निदान पन्नास फुटांचे अंतर ठेवावे. संडासाचे पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नये.

खड्डा चार फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल. खणून झाल्यावर त्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहिले. आमची जमीन मुरमाड, त्यामुळे पाणी लवकर जिरले. काळ्या चिकण जमिनीत ते सहज जिरत नाही. तिथे खड्डा मोठा घ्यावा किंवा मुरमाचा थर लागेपर्यंत खोल जावे. तळाला मोठे डबर, त्यावर लहान दगड, त्यावर विटांचे तुकडे आणि खडी असे थर भरले. मोरीची नळी जिथे येते तिथे बुडाला भोके पाडलेले मडके बसवून त्यात नारळाचा काथ्या घातला. अन्नाचे कण आणि तेलकटपणा त्यात अडकतो. काथ्या महिन्याला बदलावा लागतो, नाहीतर खड्डा तुंबतो आणि मग लोक म्हणतात, ‘शोषखड्डे चालत नाहीत.’ शेवटी वरून जुनी पोती टाकून माती लोटली. नांदेड जिल्ह्यात अशाच खड्ड्याच्या मध्ये भोके असलेली सिमेंटची टाकी बसवतात. त्याला ‘जादुई खड्डा’ म्हणतात. ती टाकी आमच्या हिशोबात बसली नाही, मडक्यावर भागले.

खणण्याचे काम मी, अण्णा आणि माझा धाकटा भाऊ अशा तिघांनी चार संध्याकाळी केले. शिबिराचे शिक्षण उपयोगी पडले असे मी आता न लाजता म्हणू शकते.

धूर आणि उजेड

चुलीच्या धुराचा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. वर्ध्याच्या ग्रामोद्योग चळवळीतून ‘मगन चूल’ पुढे आली. १९८० च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली आणि आईच्या नावावर गॅसची जोडणीही मिळाली. तरीही आमची चूल विझली नव्हती. सिलिंडर लवकर संपू नये म्हणून गॅसवर चहा आणि भाजी, आणि आंघोळीचे पाणी व भाकरी चुलीवर, अशी वाटणी होती. अशी वाटणी कितीतरी घरांत असेल. म्हणून चूल मोडा असे सांगण्यापेक्षा ती बाहेर काढणे आम्हांला शक्य कोटीतले वाटले.

परड्यात भिंतीला लागून दोन पत्र्यांची पडवी काढली आणि चूल तिथे नेली. चुलीवर पत्र्याचे धुराडे बसवून ते पडवीच्या वर तीन फूट काढले. धुराडे आखूड राहिले तर वाऱ्याने धूर उलट खाली येतो. दर पंधरा दिवसांनी त्यातली काजळी काठीला फडके बांधून काढावी लागते.

स्वयंपाकघराला पूर्वेकडे तीन फुटी खिडकी पाडली. खिडकी जुन्या बाजारातून आणली, पडलेल्या वाड्यातली सागवानी, हजार रुपयांत. जुनी वस्तू घेताना लाकूड नखाने टोचून पाहावे. वाळवी असेल तर भुसा पडतो. मातीच्या भिंतीत खिडकी पाडणे हे मात्र घरच्या घरी करण्याचे काम नव्हे. वरच्या भाराला आधी टेकू द्यावा लागतो आणि मग वर लिंटेल बसवावे लागते. आमची भिंत दीड फूट रुंद, म्हणून तीन लिंटेल शेजारी शेजारी घातली. छपरातला एक पत्रा काढून तिथे पारदर्शक पत्रा टाकला. आता दिवसा दिवा लागत नाही. पहिल्या दिवशी एवढा उजेड आला, की आईला कोपऱ्यातली जळमटे दिसली आणि ती ओशाळून लगेच केरसुणी घेऊन उभी राहिली.

ओटा

ओट्याच्या बाबतीत माझे शिक्षण झाले. मी कागदावर नकाशा काढला, त्यात सगळा स्वयंपाक उभ्याने होणार होता. आईने नकाशा पाहिला आणि विचारले, “उभ्यानं भाकरी थापायची व्हय? अंगाचा जोर पडंल का तिच्यावर?” बाजरीची भाकरी मळताना खांद्यापासूनचा जोर काठवटीत उतरावा लागतो. तो बसूनच नीट उतरतो. फ्रँकफर्टच्या बाईंना भाकरी थापायची नव्हती! सात दिवस मी आईचे काम मोजले होते, पण तिला एकदाही विचारले नव्हते. मग पडवीत चुलीशेजारी भाकरीसाठी बैठी जागा ठेवली आणि बाकीच्या कामाला आत उभा ओटा केला.

ओट्याची उंची गवंडी ठरावीक धरतात. ती करणाऱ्या बाईच्या कोपरावरून ठरवावी. आईचे कोपर जमिनीपासून छत्तीस इंचांवर येते. चिरणे-निवडणे कोपराच्या चार-पाच इंच खाली असले की खांदे दुखत नाहीत. शेगडीची उंची आणखी वर येते, म्हणून आम्ही ओटा तीस इंच ठेवला. सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद कडप्पा, त्याला खाली तीन ठिकाणी आधार, टोकाला लहान सिंक आणि पाणी तिकडे जाईल असा किंचित उतार. कडप्पा आणि शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांवर लिंबू, चिंच किंवा फरशी धुण्याचे ॲसिड सांडले की पांढरे डाग पडतात आणि ते जात नाहीत. साबणाच्या पाण्याने पुसून अधूनमधून तेलाचा हात फिरवला की पुरते.

जमीन आणि भिंती

ऐंशी चौरस फूट शहाबादी फरशी बसवली. एका कोपऱ्यात उतार चुकला, तिथे अजून पाणी साचते. पाणी ओतून उतार तपासण्यापूर्वीच आम्ही गवंडीकाकांना चहा देऊन निरोप दिला होता!

भिंतींना सिमेंटचा गिलावा करावा असे पुष्कळांनी सुचवले. पण मातीच्या भिंतीला सिमेंट धरत नाही; आतली ओल बाहेर यायला वाट राहत नाही आणि काही वर्षांत पोपडे सुटतात. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आणि स्वस्तही पडतो. कळीचा चुना पाण्यात थोडा थोडा टाकून भिजवावा. तो उकळतो आणि उडतो, म्हणून लहान मुलांना दूर ठेवावे व डोळे सांभाळावेत. रात्रभर ठेवून फडक्याने गाळावा. त्यात थोडी नीळ, डिंकाचे पाणी आणि मीठ घालावे. जुनी काजळी आधी खरवडून काढली नाही तर पिवळे डाग वर येतात. हात पातळ द्यावेत, तीन द्यावेत. माझा पहिला हात घट्ट झाला आणि वाळल्यावर सोलून निघाला.

परसबाग

शोषखड्ड्याच्या अलीकडे नळीचे पाणी एका लहान वाफ्यातून नेले आहे. तिथे कर्दळ, अळू आणि एक केळ लावली. साबणाचे पाणी या झाडांना सोसते. कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाण्याच्या पालेभाजीला मात्र ते देऊ नये. तिला टाकीचे स्वच्छ पाणी, तेही तांब्याने. कडेला शेवग्याची फांदी रोवली, कुंपणावर दोडक्याचा वेल सोडला. कढीपत्ता, मिरची, वांगी, गवती चहा आणि पपई एवढे मृगाच्या पावसावर लावले. भाज्यांच्या साली आणि पालापाचोळा एका खड्ड्यात टाकून वर चुलीची राख आणि माती पसरतो. त्याचे खत होते. या सगळ्याला बियाण्यासह ३०० रुपये लागले. पूर्वी जिथे डबके होते तिथले अळू आई आता शेजारणींना वाटते.

जमाखर्च

टाकी, चौथरा व नळी – ६,२०० रु.
शोषखड्डा – ९०० रु.
खिडकी, लिंटेल, पारदर्शक पत्रा, पडवी व धुराडे – ४,६०० रु.
ओटा व सिंक – ४,८०० रु.
शहाबादी फरशी – ३,२०० रु.
सिमेंट व वाळू – ५,५४० रु.
गवंडी, सहा दिवस – ५,४०० रु.
चुना, नीळ, डिंक – ७०० रु.
परसबाग – ३०० रु.
एकूण – ३१,६४० रु.

शिल्लक ३६० रुपये. बिगाऱ्याची मजुरी यात नाही, कारण बिगारी आम्हीच होतो. बचतगटाचे हप्ते अजून चालू आहेत. गटात येण्यापूर्वी आई अंगठा उठवत असे; आता हप्त्याच्या वहीत सही करते, आणि सही करताना हात मोडलेला होता याची आठवण तिच्या मनगटाला अजून होते. थंडीत ते दुखते. ते काही आमच्या खर्चाने भरून आले नाही.

पण पावसाळा संपल्यावर मी पुन्हा सात दिवस वही लिहिली. पाण्याच्या चोवीस खेपांच्या जागी पाच राहिल्या, त्याही अंगणातल्या गुरांसाठी. सांडपाण्याच्या खेपा संपल्या. सगळे मिळून रोजचा सव्वा तास वाचतो. त्या सव्वा तासातला काही भाग माझ्या वाट्याला येतो आणि मी सात वाजताची एस. टी. पकडते. उरलेल्या वेळात आई काय करते, असे कुणी विचारील. दुपारी ती खिडकीत बसून नुसती बाहेर बघते. सुरुवातीला मला वाटे, तिने काहीतरी करावे, निदान वाचायला शिकावे. आता मी काही बोलत नाही. इतक्या वर्षांत तिला बसलेली मी पाहिली नव्हती.

मध्यंतरी पाहुणे येऊन गेले. सोप्यातली जमीन शेणाने सारवलेलीच होती. अण्णांनी त्यांना चहा दिला आणि मग कुणी विचारले नसताना मागे नेऊन टाकी, ओटा आणि शोषखड्डा दाखवला. “मोजमाप समदं पोरीनं काढलंय,” असे ते म्हणाले. लग्नाचे काही ठरले नाही. शिकून झाल्यावर बघू, असे अण्णांनीच सांगून टाकले.

माझ्या मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती आहे, की सुट्टीत घरी गेल्यावर एक वही घ्या आणि आपल्या आईच्या खेपा सात दिवस मोजा. आठव्या दिवशी तिलाही विचारा. पैसे कुठे खर्च करायचे ते मग आपोआप कळेल.